कोरी नळी

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या प्रयोगशाळेत लोकांच्या आठवणी डीएनएमध्ये साठवतात. माणसं काय काय जपायला देतात! एका गृहस्थाने स्वतःचं घोरणं दिलंय, बायकोला आठवण म्हणून. फाईलमधले शून्य आणि एक डीएनएच्या चार रासायनिक अक्षरांत लिहायचे, तो डीएनए बोटाएवढ्या नळीत ठेवायचा, की शेकडो वर्षांची काळजी मिटली. वाचायचं झालं तर थेंबभर काढून त्याच्या अब्जावधी नकला करायच्या आणि मशीनला द्यायच्या. दर वेळी सोबत एक कोरी नळीही लावतो, नुसत्या शुद्ध पाण्याची. तिच्यातून काहीच यायला नको. आलं, तर समजायचं की खोलीत घाण झाली आहे.

मंगळवारी कोऱ्या नळीतून माझ्या भाचीचं हसू आलं.

मिरची म्हणायचो आम्ही तिला, जीभ तशीच होती. दोन वर्षांपूर्वी तापाने गेली, जेमतेम चार वर्षांची. ताई, म्हणजे तिची आई आणि माझी थोरली बहीण, आमच्याकडेच वाचनाचं मशीन सांभाळते. मिरचीचं एकुलतं एक रेकॉर्डिंग तिने इथे साठवलं होतं. त्यात मिरची हसते आणि म्हणते, "आई, बघ ना, मी टेबलाला पुरले." बस्स, एवढंच.

पाण्यातली मिरची हसली आणि म्हणाली, "आई, माझा दात हलतोय."

माझी पाचावर धारण बसली. चार वर्षांच्या पोरीचा दात कसा हलेल?

"ताई, किती वेळा वाचलंस तिला?"

ताई चष्मा पुसत राहिली. "रोज वाचते."

"अगं, एकदा वाचून कॉम्प्युटरवर ठेवायचं ना!"

"ठेवलंय. पण ते दर वेळी तेच तेच बोलतं." तिने चष्मा चढवला. "नकलांच्याच नकला करत गेलं आणि चुका सुधारणारा प्रोग्राम बंद ठेवला, की ती मनाचं बोलायला लागते. मोठी होतेय गं ती. परवा तर माझ्यावर रुसली होती."

"त्या चुका आहेत, ताई. अक्षरं इकडची तिकडे होतात, इतकंच."

"मग दाताचं कोणी सांगितलं? तू?"

मला राग आला होता, भीतीही वाटत होती, पण सगळ्यात जास्त वाईट वाटत होतं ते तिच्यासाठी.

रोजच्या नकलांची अदृश्य धूळ टेबलांवर, हवेत, दाराच्या मुठीवर बसली होती आणि इतरांच्या नळ्यांत शिरत होती. सकाळीच कपडे शिवणाऱ्या एका आजींचा फोन आला होता. नवऱ्याने जाण्याआधी ठेवलेल्या निरोपात मध्येच कोणीतरी मूल खिदळतं म्हणाल्या. असंच चाललं असतं तर हजारो घरांची माणसं मिरचीच्या आवाजाखाली बुडाली असती. उपाय एकच होता, सगळी खोली ब्लीचने पुसायची. ब्लीच डीएनएचे तुकडे तुकडे करतं.

"तिची मूळ नळी आण, ती तेवढी बाजूला ठेवू," मी म्हणाले.

ताईने नळी उलटी करून दाखवली. थेंब थेंब काढून ती संपवली होती. टेबलाला पुरलेली मिरची कॉम्प्युटरवर राहणार होती. वाढणारी मिरची उरली होती फक्त त्या धुळीत.

ताई भांडेल असं मला वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "तू पूस. मला एक शेवटची कोरी नळी लावू दे."

नाही कसं म्हणणार? मी बादली भरली आणि पुसायला लागले. ताई पाण्याची उघडी नळी हातात धरून खोलीभर फिरत होती, बाळाला झोपवायला फिरवतात तशी. अर्धी खोली झाल्यावर तिने झाकण लावलं. मीही थांबले. ब्लीच लागू पडतंय का ते तरी कळेल, अशी मनाची समजूत घातली.

मशीनने सगळी दुपार खाल्ली. मग ताईने आवाज मोठा केला. या वेळी हसू नव्हतंच.

"आई, डोळे झोंबतायत," मिरची म्हणाली. "मावशीला सांग ना, थांब म्हणावं."

ताईने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात ओलं फडकं होतं, आणि अजून अर्धी खोली पुसायची राहिली होती.