मंडईतल्या बायका पाणी प्यायल्या

कांदेवालीचं डोकं फिरलं ते एका पाण्याच्या बाटलीवरून. बाटली सुनेची. सकाळी घरून भरून आणलेली, आणि दुकान झाकायच्या वेळीही तशीच काठोकाठ. दवाखान्यातून घरी येऊन सुनेला आठवडासुद्धा झाला नव्हता. मूत्रपिंडाला सूज आली होती, तापाने फणफणत पडली होती पोरगी. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, दिवसभर पाणी पीत राहायचं, लघवी तुंबवून ठेवायची नाही, पुन्हा असं झालं तर किडनी हातची जाईल. सुनेने तिथे मान डोलावली आणि इथे येऊन बाटली बटाट्याच्या पोत्याआड ठेवून दिली.

"प्यायली का नाहीस?" कांदेवालीने विचारलं.

"पिऊन जाऊ कुठे, आई?"

कांदेवाली चिडली. कोंडीत सापडली की ती चिडतेच, हा तिचा जन्माचा स्वभाव.

मंडईबाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं, म्हणून सांगते. मंडईच्या फाटकाशी बायकांसाठी एक संडास होता. फार काही चांगला होता अशातला भाग नाही, कडी लागत नव्हती, पण होता. नवीन बांधतो म्हणून नगरपालिकेने तो पाडला. पाडायचं काम एका सकाळीत उरकलं, बांधायचं अजून सुरूच व्हायचंय. जागेला चारी बाजूंनी पत्रे ठोकले आणि सगळे विसरून गेले. पुरुषांचं काय अडतंय, भिंत दिसली की झालं. बायकांनी मात्र आपला नियम करून घेतला: पहाटे घरी चहा प्यायचा, त्यानंतर दुकान झाकेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. जीभ टाळ्याला चिकटली तरी नाही. नवीन बाई गाळ्यावर बसली की तराजू धरायच्या आधी तिला हे शिकवतात. सुनेला कांदेवालीनेच शिकवलं होतं, आणि वर म्हणाली होती, सवय होते गं. ते आठवलं की तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटे.

आणि या सगळ्या काळात रस्त्यापलीकडे नगरपालिकेला स्वप्नं पडत होती.

खरंच सांगते. इमारतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फलक लागला होता, 'आपलं शहर, आपलं स्वप्न'. वीस वर्षांनी शहर कसं असावं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं म्हणे. त्यासाठी बाहेरून एक सल्लागार बाई आणली होती. गोड पोरगी, सगळ्यांना हात जोडून बोलायची, रंगीत चिठ्ठ्या वाटायची. त्या चिठ्ठीवर आपलं स्वप्न लिहायचं आणि फळ्यावर डकवायचं. मंडईतल्या बायकांनाही बोलावणं आलं. सून त्या दिवशी दवाखान्यातच होती, तरी कांदेवाली गाळा शेजारणीच्या भरवशावर टाकून गेली. चिठ्ठीवर एकच शब्द लिहिला, संडास.

सल्लागार बाईंनी चिठ्ठी वाचली आणि लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. मावशी, ही तक्रार झाली, तक्रारींसाठी खाली खिडकी आहे. इथे आपण स्वप्न बघतोय. डोळे मिटा आणि वीस वर्षांनंतरचं शहर डोळ्यांपुढे आणा.

कांदेवालीने डोळे मिटले. उघडले. "संडासच दिसला," ती म्हणाली.

सभागृह खो खो हसलं. सल्लागार बाईही हसल्या, आणि चिठ्ठी बाजूच्या छोट्या फळ्यावर गेली. त्या फळ्यावर 'इतर' असं लिहिलं होतं. कांदेवाली तशीच तणतणत खालच्या खिडकीवर गेली. खिडकीतला कारकून तिला चांगला ओळखत होता, पत्रे ठोकल्यापासून ती तिथे खेटे घालत होती. तो म्हणाला, मावशी, आता शहराचा आराखडा येतोय, तेवढा येऊ द्या, त्यात बघू. वरचे म्हणतात खाली जा, खालचे म्हणतात वर बघा. माणसाने करायचं काय, जिन्यात बसायचं?

मग शेवटच्या कार्यक्रमाचं आमंत्रण आलं. स्वप्न तयार झालं होतं, ते नगराध्यक्षांच्या हस्ते उघडायचं होतं. मंडईतल्या बायकांना पहिली रांग राखून ठेवली होती, आणि निरोप असा की जशा आहात तशा या, गाळ्यावर बांधता ते एप्रन काढू नका. फोटोत बरं दिसतं ना! फुलवाली म्हणाली, मरू दे, जायचंच कशाला. कांदेवाली म्हणाली, जायचं, बघू तरी यांनी काय दिवे लावलेत. सुनेलाही तिने बरोबर घेतलं.

नगरपालिकेच्या सभागृहात प्रत्येक खुर्चीवर पाण्याची एक बाटली ठेवलेली होती, तिच्यावरही फलकावरचीच ओळ छापलेली. मागच्या रांगांतले लोक घटाघटा पाणी पीत होते. पहिल्या रांगेतल्या बायकांनी मात्र बाटल्या उचलून पायाशी ठेवल्या. हाताला वळणच तसं पडलेलं.

नगराध्यक्षांनी पडदा ओढला. भिंतीएवढा नकाशा, झाडं, सायकली, हसरी माणसं. सल्लागार बाई काठीने एकेक जागा दाखवत गेल्या आणि काठी मंडईच्या फाटकाशी आली. जिथे पत्रे ठोकले होते, बरोबर त्या जागी, निळ्या रंगात, संगीताच्या तालावर नाचणारं कारंजं! लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कांदेवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारी सून बसली होती, ओठ सुकलेले, डोळ्यांखाली अजून काळं. बायकांना थेंब प्यायची चोरी आणि हे रस्त्यावर पाणी नाचवणार. तिला उभं राहून शिव्या घालाव्याशा वाटल्या, पण शिव्या घातल्या की लोक शिव्याच लक्षात ठेवतात हे तिला ठाऊक होतं. तिने खाली वाकून बाटली उचलली, झाकण पिरगाळलं आणि तोंडाला लावली. अर्धीअधिक संपवूनच खाली ठेवली.

फुलवाली बघतच राहिली. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तिनेही बाटली उचलली. मग मासळीवालीने, अंडेवालीने, आख्ख्या रांगेने. सून तेवढी बाटली हातात धरून बसली होती.

"पी," कांदेवाली म्हणाली. "आज कुठे जायचं ते मी दाखवते."

नगराध्यक्षांचं भाषण लांबलं, नेहमीप्रमाणे. शहराचा श्वास, शहराचा आत्मा, सगळं सांगून झालं. ते सर्वांना सोबत घेऊन जाण्यावर आले तेव्हा पहिली रांग उठली आणि आपली वाट धरून मंचाशेजारच्या दारातून आत गेली. फोटोवाले गोंधळले, मग मागोमाग धावले.

आतल्या बोळात एक स्वच्छ दार होतं, त्यावर 'केवळ पदाधिकाऱ्यांसाठी' अशी पाटी आणि समोर स्टुलावर किल्ली घेऊन बसलेला शिपाई. तो म्हणाला परवानगी लागेल. कांदेवाली म्हणाली, आण, आम्ही उभ्या आहोत. बायकांची रांग बोळातून वळून सभागृहापर्यंत गेली होती. शिपायाने किल्लीची मूठ छातीशी धरली. बायका त्याच्याशी भांडल्या नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत.

नगराध्यक्ष आले. फोटोवाले बघून त्यांनी चेहऱ्यावर हसू आणलं. "मावशी, असं काय करता? तुमचा मुद्दा आपण आराखड्यात घेऊ."

"वीस वर्षांच्या?"

"टप्प्याटप्प्याने होईल ना."

कांदेवालीने सुनेला दंडाला धरून पुढे ओढलं. "ही माझी सून. हिची किडनी तुमच्या पहिल्या टप्प्यापर्यंतही टिकणार नाही. तुमचं कारंजं बघायला हिने वीस वर्षं डोळे मिटून बसायचं का? किल्ली द्या. नाहीतर इथेच बसतो सगळ्या, या गालिच्यावर. मग काढा फोटो."

नगराध्यक्षांनी गालिच्याकडे बघितलं. गालिचा नवा होता. त्यांनी शिपायाला डोळ्याने खुणावलं.

सून पहिली आत गेली. ती बाहेर आली तेव्हा रडत होती, आणि फुलवालीने तिची पाठ थोपटून तिला बाजूला घेतलं. एकेक करत सगळ्या जाऊन आल्या. शेवटी कांदेवाली गेली, बाहेर येऊन तिने दाराला कुलूप लावलं आणि किल्ली एप्रनच्या खिशात टाकली. नगराध्यक्ष म्हणाले, मावशी, किल्ली. ती म्हणाली, मंडईचा संडास उभा राहिला की त्याच दिवशी आणून देते. फोटोवाल्यांच्या देखत ते हिसकावून घेणार कशी?

दुसऱ्या दिवसापासून ती एकुलती एक किल्ली तराजूशेजारच्या खिळ्याला लटकली. ज्या बाईला जायचं ती किल्ली घ्यायची, रस्ता ओलांडायची आणि येऊन परत अडकवायची. शिपाई मान वळवून बसायचा. दुपारपर्यंत सुनेची बाटली रिकामी व्हायची, आणि मग ती नळावर जाऊन पुन्हा भरून आणायची.

आणि एकदा भर दुपारी शिपाईच धापा टाकत गाळ्यावर आला. किल्ली द्या म्हणाला, नगराध्यक्षसाहेबांची मोठी बैठक चाललीय, साहेबांना अगदी राहवत नाहीये. कांदेवाली कांदे तोलत होती. तिने खिळ्याकडे बघितलं, खिळा रिकामा होता.

"सून गेलीय," ती म्हणाली. "तिच्यामागे फुलवालीचा नंबर आहे. साहेबांना थांबायला सांग. सवय होते."