कैरवानचं हिरवं बटण

अहो ऐका तर! कैरवान गावातल्या महिला केंद्रात प्रोग्राम लिहायला शिकवायचा पहिलाच वर्ग, आणि चालवायचं हिरवं बटण दाबलं की सगळ्या कॉम्प्युटरवर एकच लाल ओळ: ‘पायथन सापडत नाही.’

वर्गात बसलेल्या गालिचे विणणाऱ्या बायका. शिकवणाऱ्या विदादनं घरोघर जाऊन, अक्षरशः हातापाया पडून आणलेल्या. आज काही चाललं नाही तर उद्या एकही फिरकणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक.

“आमच्या हाताला नाही जमायचं हे,” म्हणत जोहरा पिशवी घेऊन उठलीच.

“बस गं! पोरीला घाम फुटलाय बघ,” मबरूकामावशी म्हणाली. “तुझा पहिला गालिचा तर शेळीनंसुद्धा हुंगला नव्हता.”

विदादनं पायथन, म्हणजे प्रोग्राम चालवणारी भाषा, कॉम्प्युटरवर पुन्हा टाकलं. परत तीच लाल ओळ! घरी तर सगळं मस्त चालायचं. आणि एकदम तिला आठवलं, घरी ती हिरवं बटण दाबतेच कुठं? काळ्या खिडकीत हातानं हुकूम लिहिते! इथंही लिहून बघितला, आणि उमटलं की ‘सलाम’! म्हणजे पायथन होतं जागेवर, बटणालाच ते सापडत नव्हतं.

बटण होतं एडिटरला जोडायच्या एका प्लगिनचं, ओरान शहरातल्या कुणा बिलकासिमनं फुकट बनवलेल्या. कोड लिहायचा अख्खा एडिटर अरबीत केला होता त्यानं, नाहीतर हा वर्ग भरलाच नसता. विदादनं प्लगिनचा कोड उघडला. बटणाला बाकी सगळं दिलेलं, फक्त ‘पाथ’ द्यायचा राहिलेला, म्हणजे प्रोग्राम कुठं कुठं शोधायचे ती यादी.

“म्हणजे सुनेला बाजारात धाडलं, आणि दुकान कुठंय ते सांगितलंच नाही?” मावशी.

“अगदी तेच, मावशी!”

“मग सांग की आता! बघतेस काय?”

विदादनं एक ओळ घातली, प्रोग्रामात जोहराचं नाव लिहिलं आणि दारातल्या जोहराला हाक मारली, “तूच दाब, ताई.”

दाबलं. ‘सलाम, जोहरा.’

पिशवी खाली!

विदाद ती ओळ बिलकासिमला पाठवायला बसली, तर मावशी खांद्यावरून डोकावते. “नुसती चूक काय दाखवतेस? लिही, देव तुझं भलं करो बाळा, तुझ्यामुळं आमच्या भाषेत शिकतोय. आणि इकडं आलास तर खजुराचे गोड मकरूद माझ्या हातचे.”

विदादनं मावशीचं नाव घालून तसंच लिहिलं. उत्तर लगेच आलं: “मावशी, तक्रारी पुष्कळ आल्या, दुरुस्ती पहिल्यांदा आली. मकरूदला येतोच.”

विदादनं ते मावशीला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिकडं जोहरा एकेका लेकीचं नाव घालून बटण दाबतच होती.

“उद्या बहिणीला आणते,” ती म्हणाली, “जागा धरून ठेव.”