पाठीतले आठ खिळे

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. माझ्यात कुणी कधी कपडे ठेवले नाहीत. माझ्यात रोज एक मुलगी कोंडली जायची.

राणी व्हिक्टोरियाच्या काळात घरोघरी वाचल्या गेलेल्या एका जाडजूड कादंबरीवर आमच्या कंपनीने नाटक बसवले होते. त्यात दुष्ट काका इस्टेटीसाठी अनाथ पुतणीला पेटीत कोंडतो, कुलूप लावतो आणि वर बसून लांबलचक भाषण ठोकतो. म्हणून सुताराने माझ्या पाठीची फळी चामड्याच्या बिजागरीवर सैल ठेवली होती. भाषण चालू असताना पुतणी ती ढकलून पडद्याआड निसटायची आणि शेवटी खिडकीत दिसायची. लोक तोंडात बोट घालायचे. माझी कॉलर ताठ व्हायची, कॉलर नसली तरी. काका-पुतणीची कामे करणारे हे दोघे खरे तर बापलेक होते.

मग आम्ही बोटीने परदेशी गेलो. तिथल्या थिएटरचा सुतार भला माणूस. प्रवासात फळी निखळली असे वाटून त्याने कुणाला न विचारता आठ खिळे ठोकले. करायला गेला एक आणि झाले भलतेच. प्रयोगाआधी फळी ढकलून पाहण्याचा पोरीचा नेम होता. नेमका त्याच दिवशी तिने कंटाळा केला.

कुलूप लागले. तिने फळी ढकलली, पण ती जागची हलेना. पोरगी आतून झाकणावर हात आपटू लागली, ओरडू लागली. समोरच्या लोकांना आमची भाषा कळत नव्हती. काय जिवंत अभिनय, म्हणून त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आज लेक रंगात आली आहे, असे समजून बापही वर बसून खूश होता. आतली हवा संपत चालली. मला स्वतःची लाज वाटली. इतकी वर्षे मी पेटीचे सोंग केले, त्या दिवशी मी खरोखरची पेटी झाले.

नाटकात ती त्याला काका म्हणायची. पण आता आतून क्षीण आवाज आला, "बाबा, उघडा ना."

भाषण तिथेच तुटले. किल्ली त्याच्या हातून दोनदा पडली. झाकण उघडून त्याने घामाने निथळणाऱ्या लेकीला उराशी धरले. लोक अजून टाळ्या वाजवतच होते.

पुढच्या प्रयोगासाठी नवी पेटी आली. मला गोदामात टाकले. खिळे अजून पाठीत आहेत, कुलूपही पुन्हा लावून टाकले आहे. आता मीच कोंडलेली आहे.

मित्रांनो, कुणाची वस्तू दुरुस्त करण्याआधी एकदा विचारा. आणि आतून कुणी हात आपटत असेल, तर टाळ्या नंतर वाजवा. आधी झाकण उघडा.