तीन हिरवे खडे

मेण लावलेल्या काडीच्या टोकावर सुंदरानं शेवटचा पांढरा खडा उचलला, गोंदाच्या थेंबावर अलगद टेकवला आणि नखानं दाबला. खाटलीच्या लाकडी चौकटीवर ताणलेल्या काळ्या सॅटिनवर, उजव्या टोकाला, एक मेलेला तारा तेवढा लुकलुकायला लागला.

"झालं का गं माय?" मयुरीनं दारातूनच विचारलं. तिचा एक पाय चपलेत गेलासुद्धा होता.

"झालं म्हन. घटकाभर वाळू दे. हात लावू नको."

तीन आठवडे सुरतेतल्या कोसाडच्या त्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी बाहेरच्या खोलीत साड्यांचे गठ्ठे असायचे. ते सुंदरानं पलंगाखाली सारले होते आणि मधोमध खाटली टाकून लेकीसाठी आकाश मांडलं होतं. मयुरी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. कॉलेजात विज्ञानाचं प्रदर्शन होतं आणि तिचा विषय होता ताऱ्याचा जन्म, संसार आणि मरण. बाकीची पोरं थर्माकोलचे गोळे रंगवणार, त्यात बल्ब घालणार. मयुरी म्हणाली होती, "माय, तू खड्यांत करशील?"

वीस वर्षं सुंदरानं दुसऱ्यांच्या साड्यांवर खडे चिकटवले होते. मोर आणि कोयऱ्या, कोयऱ्या आणि मोर. ठेकेदार जे छापून देईल त्यावर मुकाट्यानं खडा ठेवायचा. 'तू करशील का' असं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. नवरा बाबुराव इच्छापोरला ठेक्यावर कामाला; तो घरी यायचा तो झोपण्यापुरता. त्यामुळे लेकीनं विचारल्यावर बाईला काय झालं असेल ते समजून घ्या. ठेकेदाराचं काम तिनं तीन आठवडे निम्म्यावर आणलं आणि घरखर्चाची ओढाताण हसत सोसली.

काम करता करता लेक सांगायची आणि माय ऐकायची. डाव्या टोकाला धुळीचा आणि वायूचा ढग, राखाडी टिकल्यांचा. तो आपल्याच भारानं आत आत ओढला जातो, दाटतो, तापतो आणि एके दिवशी पेट घेतो. तो झाला तारा. तिथून दोन वाटा. वरची वाट आपल्या सूर्यासारख्यांची: अब्जावधी वर्षं पिवळं जळत राहायचं, मग फुगून लाल व्हायचं, वरची सालं सोडून द्यायची आणि शेवटी पांढरा निखारा तेवढा मागं ठेवायचा. खालची वाट मोठ्या, निळ्या ताऱ्यांची. ती आखूड. त्यांचा शेवट स्फोटानं होतो. त्या स्फोटाला सुंदरानं घरातली सगळी चंदेरी चुरी वापरली. त्याच्या पुढं कृष्णविवर होतं. तिथं तिनं कापड कोरंच ठेवलं आणि भोवती खड्यांचं कडं केलं. हे तिचं तिलाच सुचलं होतं. आणि स्फोटापासून एक बारीक रेघ मागं वळून पुन्हा पहिल्या ढगाला मिळत होती.

"मेलेल्याचंच पुन्ना ढगात जातं?"

"हो ना. त्यातूनच नवे तारे होतात. आपल्या रक्तातलं लोखंडपण तिथलंच."

"म्हंजी बाळंतपणच म्हन की," सुंदरा म्हणाली, आणि मयुरी खळखळून हसली होती.

एका गोष्टीवर मात्र पोरगी अडली होती. निळा तारा सगळ्यात गरम आणि लाल सगळ्यात थंड, हे लोकांना पटवायचं कसं? लोक म्हणणार, लाल म्हणजे तापलेलं. पुस्तकातलं सांगितलं तर कुणी ऐकत उभं राहणार नाही. ती वही घेऊन कट्ट्याशी बसली होती आणि सुंदरा भाकरी थापत होती.

"आगं, यात काय अवघड हाय?" सुंदरानं भाकरीच्या हातानंच शेगडीकडं बोट दाखवलं. "गॅस निळा जळतो तवा भाकर भाजती. लाल जळाया लागला की तवा काळा व्हतो आन् भाकर कच्ची. लाल झाला म्हंजी समजायचं, बाटला संपत आला. तुज्या ताऱ्याचं बी तसंच आसंल. आन् शेगडी मोठी ठिवली की बाटला लवकर संपतो, मंग तुजे मोठाले तारे लवकर का मरनार न्हाईत?"

मयुरी तिच्याकडं बघतच राहिली. मग उठून तिनं मायच्या पिठाळ गालाचा मुका घेतला आणि ते सगळं जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं.

"माय, पाटीवर तुझं नाव घालणार मी. हस्तकाम: सुंदरा बाबुराव सोळंके. बघच तू."

"नगं बाई. माजं नाव कशाला?" असं सुंदरा म्हणाली खरी, पण त्या दिवशी तिनं जेवताना दोनदा विचारलं, नाव गुजरातीत लिहिणार की मराठीत.

तेवढ्यासाठीच बहुतेक, आज शेवटचा खडा बसल्यावर तिनं सवयीनं डाव्या कोपऱ्यात आपली खूण केली. चुलीच्या तीन दगडांसारखे तीन हिरवे खडे. घरी काम करणाऱ्या बायकांची ही रीत आहे. दहा घरच्या साड्या एका गठ्ठ्यात जातात. कुणाचा खडा निखळला तर साडी कुणाच्या दारात परत टाकायची हे ठेकेदाराला कळलं पाहिजे, म्हणून प्रत्येकीची आपली एक खूण असते. तीन हिरव्या खड्यांची साडी वीस वर्षांत एकदाही परत आली नव्हती. हा सुंदराचा तोरा होता, आणि तो खरा होता.

"हे इथं कशाला गं?" मयुरीनं विचारलं. मग लगेच म्हणाली, "बरं, राहू दे."

"मी येऊ का उद्या बघाया?"

मयुरी कापड गुंडाळत होती. तिनं वर पाहिलं नाही. "बाहेरच्यांना सोडत नाहीत गं. फक्त कॉलेजवाल्यांनाच."

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारची भागीरथी खडे निवडायला येऊन बसली. तीही याच कामातली, जिभेनं तिखट.

"सगळ्या चाळीला दाखवलंस, आन् तुलाच बोलावलं न्हाई व्हय?" ती म्हणाली. "कामापुरता मामा आन् ताकापुरती आजी."

"कायदा हाय त्यांचा," सुंदरा म्हणाली. तिला राग आला, पण तो भागीरथीचा.

खाटली उभी करताना तिच्या पायाशी कागदाची पुडी आली. जास्तीचे खडे आणि गोंदाची नळी. हे तिनं मयुरीच्या पिशवीत घालायला काढून ठेवलं होतं. नेताना एखादा खडा निखळला तर पोरगी काय करणार? सुंदरानं चेहऱ्यावर पाणी मारलं, इस्त्रीची साडी नेसली आणि शेअर रिक्षात बसून कतारगामच्या कॉलेजकडं निघाली. फाटकावर पुडी द्यायची आणि परत फिरायचं, एवढाच तिचा बेत होता. देवाशपथ एवढाच.

फाटकावर वॉचमन स्टुलावर बसून चहा पीत होता.

"भैया, ये मेरी लडकी को देना है. अंदर नहीं जाती मैं."

"क्यों नहीं जाती? जाओ ना, माताजी. आज तो सबके लिए खुला है. सबके मम्मी-पप्पा आये हैं."

त्यानं प्रदर्शनाचा एक गुलाबी कागद तिच्या हातात दिला; तो सुंदरानं पुडीत खोचला. पोरीला माहीत नसेल, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. आईचं मन हे असं असतं. फसवणाऱ्याच्या वतीनं आधी तेच वकिली करतं.

सभागृहात गर्दी होती आणि सगळ्यात जास्त गर्दी काळ्या कापडाभोवती होती. दिवे सोडले होते त्यावर. आपलं काम इतक्या उजेडात सुंदरानं कधी पाहिलं नव्हतं. निळे खडे तर नुसते पेटले होते. तिचा ऊर भरून आला. लोकांच्या खांद्यांमधून मयुरी दिसत होती. हातात काठी, गळ्यात ओळखपत्र, घडाघडा गुजराती बोलणं. समोर एक चष्म्यातल्या परीक्षक बाई कागद घेऊन उभ्या होत्या.

"गॅस निळो बळे त्यारे रोटलो शेकाय," मयुरी सांगत होती, "अने लाल थाय एटले समजवुं के बाटलो पूरो थवा आव्यो."

लोक हसले, माना डोलल्या. सुंदरासुद्धा हसली. आपलं वाक्य आपल्या लेकीच्या तोंडून ऐकायला कुणाला आवडत नाही?

"बहु सरस दाखलो आप्यो," परीक्षक बाई म्हणाल्या. "क्यांथी सूझ्यो?"

"क्यांक वांच्युं हतुं, मॅडम."

कुठून सुचलं, तर कुठंतरी वाचलं होतं म्हणे. वीस वर्षं सुरतेत काढलेल्या बाईला एवढं गुजराती कळत होतं. सुंदराचं हसू तोंडावर तसंच राहिलं. तिला वाटलं, घाबरली असेल पोर, आता सांगेल. तिनं पाटीकडं पाहिलं. बसच्या पाट्या वाचून वाचून ती गुजराती अक्षरं लावायला शिकली होती. तिनं एकेक अक्षर लावलं. मयूरी सोलंकी. सोळंकेचं सोलंकी झालं होतं. खाली वर्ग, मार्गदर्शक सर. त्याच्या खाली काहीच नव्हतं.

"अने आ काम कोणे कर्युं?" बाईंनी कापडाजवळ वाकून विचारलं.

"अमारी सोसायटीमां एक बेन छे. जॉबवर्क करे छे."

"मारे ए बेनने मळवुं छे." या बाईंना त्या बेनला भेटायचं होतं. त्यांनी कागदावर लिहायला पेनसुद्धा उघडलं होतं.

मयुरी थांबली नाही, अडखळली नाही. "ए तो गाम गयां छे, मॅडम."

गावी गेलेली बाई तिच्यापासून दहा पावलांवर पुडी घेऊन उभी होती. केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. वैऱ्यानं केलं असतं तर सुंदरानं चारचौघांत त्याची खरडपट्टी काढली असती, तेवढी धमक तिच्यात होती. पण ही तर तिचीच, तिनंच पेटवलेली.

"अने आ शुं छे?" परीक्षक बाईंचं बोट डाव्या कोपऱ्यावर होतं.

तिथं तीन ठिपके होते. हिरवे खडे नव्हते. ते कुणीतरी नखानं उचकटून काढले होते आणि कापडावर गोंदाचे तीन पांढुरके डाग राहिले होते, चुलीच्या तीन दगडांसारखे.

"कंई नथी, मॅडम," मयुरी म्हणाली. "गुंदर ढोळायो छे."

गोंद सांडलाय म्हणे. सुंदरा एक पाऊल मागं सरली, मग दुसरं. एका उंच माणसाच्या आड झाली आणि तशीच बाहेर पडली. लेकीनं आपल्याला पाहू नये म्हणून तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला होता. हे तिला रिक्षात बसल्यावर आठवलं आणि मग मात्र तिला फार अपमान वाटला.

मयुरी सातच्या सुमारास आली, नाचतच. पहिला नंबर. ढाल तिनं टीव्हीवर ठेवली आणि मायच्या गळ्यात पडली.

"किती लोक बघत होते माहितीये? मॅडम तर हलेचनात तिथून."

सुंदरानं तिला गळ्यातून सोडवलं आणि परातीत पीठ घेतलं.

"पाटीवर माजं नाव घातलं व्हतंस का?"

पाणी उकळत होतं. मयुरीनं ओढणीची गाठ सोडली.

"हो मग. घातलं होतं ना. सगळे विचारत होते, कोण या सुंदराबाई."

"आन् माजी खून?"

"ती पण होती. मॅडमना आवडली."

सुंदरानं उकळतं पाणी पिठावर ओतलं. एवढ्यासाठी तिनं दोन तास दम धरला होता. पोर म्हणाली असती, माय चुकले, लाज वाटली गं, पोरींसमोर सांगवेना, तर तिनं तिथंच पोटाशी धरलं असतं. लाज कुणाला वाटत नाही? तिनं स्वतःनं तरी कॉलेजात जाताना इस्त्रीची साडीच का नेसली होती? पण घरात, चुलीसमोर, पिठाच्या हातांसमोर पोर सरळ खोटं बोलली होती आणि वर गोड हसली होती.

तिनं भाकरी थापली आणि तव्यावर टाकली. मयुरी कट्ट्यावर चढून बसली आणि शेंगदाणे खात दिवसभराचं सांगत राहिली. कोणाचा बल्ब पेटला नाही, कोणत्या सरांनी काय म्हटलं. सांगता सांगता तिचं लक्ष शेगडीकडं गेलं. ज्योत आखूड झाली होती, फडफडत होती, कडेनं लालसर पडली होती.

"माय, बघ, लाल झाली," ती म्हणाली. "बाटला संपत आला."

सुंदरानं भाकरी उलटली.

"कुठं वाचलंस?"

मयुरीचा शेंगदाण्याचा हात तोंडाशीच थांबला. तिनं मायकडं पाहिलं. माय तव्याकडं बघत होती. मग मयुरीची नजर कट्ट्याच्या कोपऱ्यात, मिठाच्या बरणीशेजारी गेली. तिथं जास्तीच्या खड्यांची पुडी होती, मुठीत धरून चुरगळलेली, आणि तिच्यात खोचलेला, आज दुपारी फाटकावर वाटत होते तो प्रदर्शनाचा गुलाबी कागद.

"माय..."

"उतर खाली," सुंदरा म्हणाली. "भागीरथीकडनं बाटला मागून आन. कुनी विचारलं तर सांग, बाजूच्या बेननं धाडलंय."

तिनं शेगडीची चावी फिरवली. भाकरी एका बाजूनं कच्चीच राहिली होती.