मध्ये बोलायचं नाही

ऑफिसात तिला सगळे ‘चाळणी’ म्हणत. कुठलीही वेबसाइट लोकांपुढे जाण्याआधी तिच्या हाताखालून जाई. कुठलं अक्षर बारीक, कुठलं बटण कोपऱ्यात दडलेलं, कुठला रंग थकलेल्या डोळ्यांना दिसणारच नाही, हे ती वेचून काढी. तिची सही झाल्याशिवाय साइट सुरू होत नसे. पण दोन वर्षांपूर्वी या चाळणीतूनही एक खडा निसटला, आणि आला तो नेमका तिच्या मामांच्या दाताखाली.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ, जन्मभर शाळेत भूमिती शिकवलेले. आठवड्यातून तीनदा त्यांना डायलिसिस लागे आणि मशीनची वेळ हॉस्पिटलच्या साइटवरून घ्यावी लागे. महिन्याभरापूर्वी त्यांनी पहिल्यांदाच स्वतः फॉर्म नीट भरला, पण शेवटचं ‘नक्की करा’ हे बटण पांढऱ्यावर फिकट राखाडी. त्यांना ते दिसलंच नाही. हॉस्पिटलात गेले तर मशीन दुसऱ्याला दिलेलं. दोन दिवस पाय सुजले, धाप लागली. ‘आता माझंच डोकं चालत नाही,’ म्हणत मामांनी खापर स्वतःवर फोडून घेतलं. त्या साइटवर सही आपली आहे, हे सांगायला भाचीची जीभ रेटेना.

आता त्याच साइटची नवी आवृत्ती तपासायला आली. फोटो नवे, मांडणी नवी, बटणाच्या बाबतीत मात्र ये रे माझ्या मागल्या. तिने सही नाकारली. डिझायनर म्हणाला, गडद बटण डोळ्यांना टोचतं. साहेब म्हणाले, सोमवारी साइट सुरू करायची आहे, एवढ्याशासाठी अडून बसू नकोस. तिने नियम दाखवले, रंगांची मोजमापं दाखवली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी ती म्हणाली, उद्या एक पेशंट आणते, त्याने वेळ घेऊन दाखवली तर तिथल्या तिथे सही करते.

दुसऱ्या दिवशी मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले. अशा चाचणीचा नियम एकच: समोरचा माणूस अडला तरी कुणी मध्ये बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही. मामांनी पहिल्या पानावर नाव, वय, तारीख भराभर भरलं, दुसऱ्या पानावर आले आणि थांबले. पान खाली नेलं, वर आणलं. चष्मा पुसला. बटण त्यांच्या नाकासमोर होतं.

“झालं का गं?” त्यांनी विचारलं.

उठावं आणि बोट ठेवावं असं तिला इतकं वाटलं की तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. चार मिनिटं गेली. ज्यांनी हजार पोरांना फळ्यापुढे उभं केलं, ते आज स्वतः फळ्यापुढे अडले होते, आणि त्यांचे कान लाल झाले होते.

शेवटी साहेबांनाच राहवेना. “काका, अहो, ते खाली उजवीकडे...”

“मध्ये बोलायचं नाही, साहेब. यांच्या घरी तुम्ही नसता,” ती म्हणाली.

डिझायनर चिडला. “मागच्या वेळी हाच रंग तुला चालला होता.”

आता सारवासारव करता आली असती. पण तिने ठरवलं, आज नाही तर कधीच नाही.

“मी मोठ्या स्क्रीनवर, माझ्या धडधाकट डोळ्यांनी बघितलं आणि सही ठोकली,” ती म्हणाली. “मामा, त्या दिवशी तुमचं डोकं चुकलं नव्हतं. मी चुकले होते.”

मामांनी चष्मा काढला आणि तिच्याकडे पाहिलं. तिला भयंकर लाज वाटली, पण तिने मान खाली घातली नाही.

“महिनाभर मी स्वतःला खुळा समजत होतो,” ते म्हणाले.

“हो, मामा.”

मामा उठून जातील असं तिला वाटलं. साहेबही उठायच्या बेतात होते. मामांनी चष्मा पुन्हा चढवला, खुर्ची स्क्रीनजवळ ओढली आणि डिझायनरला शेजारी बसायची खूण केली.

“आता याच्या आधीचं पान काढ,” ते म्हणाले. “तिथलीही एक ओळ मला दिसत नव्हती. लाजेपायी मी अंदाजाने भरली.”