शेठची हनुवटी

लग्नात व्यंगचित्रं काढणाऱ्याचे तीन नियम असतात. ते मला माझ्याहून वीस वर्षांनी लहान असलेल्या केयूरने शिकवले. नाकाला हात लावायचा नाही. टकलावर थोडे केस पेरायचे. काहीतरी मोठं करायचंच असेल, तर माणसाच्या हातातला मोबाइल मोठा करायचा. केयूर लग्नसमारंभांची कामं घेतो. नागपुरातल्या निम्म्या लॉनवर त्याची माणसं असतात, म्हणजे फुलवाले, चाटवाले आणि मी.

एकेकाळी एका दैनिकाच्या पहिल्या पानावर रोज माझं चित्र असे. मंत्र्यांची नाकं मी मनसोक्त ओढली. मग त्या जागेवर जाहिरात आली आणि मी चाटच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. तीन मिनिटांत एक चेहरा. पाहुणे चित्र बघून "अरे, सेम टू सेम!" म्हणतात. सेम काहीच नसतं. असतं, तर त्यांनी मला लॉनबाहेर काढलं असतं.

ज्या चित्राने माझं नाव झालं, ते आमच्या बैठकीत टांगलेलं आहे. कळमन्याच्या बाजारातला हमाल, पाठीवर धान्याचं पोतं, आणि कंबर इतकी वाकलेली की हनुवटी गुडघ्याला टेकली आहे. तो हमाल म्हणजे माझे बाबा, धोंडबा. चित्राला बक्षीस मिळालं त्या दिवशी सगळे हसले, बाबा हसले नाहीत. मी त्यांना समजावलं, व्यंगचित्र असंच असतं, मोठ्या मनाचा माणूस स्वतःवर हसतो. ते "बरं" म्हणाले. तेव्हापासून पंचवीस वर्षं, घरी कोणी आलं की बाबा त्या भिंतीकडे पाठ करून बसत. मला ते दिसत होतं. पण चित्र उतरवलं नाही, कारण माझ्याकडे दुसरं बक्षीस नव्हतं.

यंदा फेब्रुवारीत केयूरने मोठं काम आणलं. कळमन्यातले आडते अनंतशेठ पंचाहत्तर वर्षांचे होत होते. समारंभाच्या दारातच त्यांचं भलंमोठं व्यंगचित्र लावायचं होतं. याच शेठच्या आडतीत बाबांनी एकतीस वर्षं पोती वाहिली. शेठची डावी पापणी लोंबते आणि हनुवट्या तीन आहेत. मी पापणी वर उचलली, तीन हनुवट्यांची एक केली आणि हातात सोनेरी तराजू दिला. चित्र टेबलावर वाळत असताना बाबा काठी टेकत आत आले.

"हा आपला शेठ होय?"

"हो, बाबा."

"याची पापणी कुठी गेली?"

"तशी काढत नाहीत. माणूस नाराज होतो."

त्यांनी बराच वेळ ते चित्र पाहिलं. मग वळून भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"मग मले काहून वाकडं काढलं गा?"

"तुम्ही वाकले होते ना, बाबा."

"त्याच्याच पोत्यानं वाकलो मी. अन् तू त्याले सरळ करून राहिला."

मला लाज वाटली आणि त्यांचा रागही आला. राग यासाठी, की हे मला कोणीच कधी विचारलं नव्हतं आणि विचारायचा हक्क फक्त त्यांनाच होता.

"माह्यं सरळ काढ म्हणत नाही मी," ते म्हणाले. "जसा हाय तसा हाय. पण त्यालेबी जसा हाय तसा काढ. तूच म्हणे ना, मोठ्या मनाचा माणूस हसते म्हणून? पाहू, तो हसते का. नाही हसला, तर माह्यंबी खाली उतरव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेठला जसा आहे तसा काढला. पापणी लोंबली. हनुवट्या पोत्यांच्या थप्पीसारख्या एकावर एक बसल्या. शेठला मी एका पोत्यावर बसवलं आणि पोत्याखालून दोन पाय बाहेर काढले, नुसते पाय. कितीतरी वर्षांनी मला काम करताना मजा आली.

बाबांनी पायांवर बोट ठेवलं. "हे माह्ये."

"हो."

"आता बरोबर हाय. हेच दे."

मी दोन्ही चित्रं बरोबर घेऊन निघालो. एवढं वाचलं तरी पुढचं कळलं असेल. लॉनच्या दारात केयूर म्हणाला, "सर, चित्र सेफ आहे ना? एप्रिलमध्ये शेठच्या दोन नातींची लग्नं आहेत, दोन्ही आपल्याकडेच." हात आपोआप पहिल्या चित्राकडे गेला असं लिहिणार होतो, पण ते खोटं आहे. मी नीट विचार करून दिलं.

शेठ चित्रासमोर उभे राहिले. "बढिया! फक्त हे थोडं अजून कमी होईल का?" त्यांनी हनुवटीवर बोट ठेवलं. मी पिशवीतून पांढरा रंग काढला, पाहुण्यांदेखत गुडघ्यांवर बसलो आणि वाकून उरलीसुरली हनुवटीही कमी केली. दुसरं चित्र चार घड्या घालून स्कूटरच्या डिक्कीत पडून होतं.

दुपारी घरी आलो, तर बाबा दारातच खुर्ची टाकून बसले होते.

"देल्लं का गा?"

"दिलं."

"काय म्हणे शेठ?"

"हसला."

"खरंच हसला?"

"खूप हसला, बाबा."

बाबांचे खांदे हलू लागले. मला आधी वाटलं, खोकला आला. ते हसत होते. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "म्हणजे मन मोठं हाय म्हणा त्याचं. मीच उगा मनात ठेवून बसलो एवढी वर्षं. राहू दे मग माह्यंबी भिंतीवर."

चित्र भिंतीवरच आहे. आता कोणी आलं की बाबा पाठ करून बसत नाहीत. काठीने चित्र दाखवतात आणि म्हणतात, "हा मी होय. अन् यानं शेठलेबी असाच काढला, सोडला नाही. विचारा त्याले."

पाहुणे विचारतात. मी हो म्हणतो.