हल्यानं नाक वर केलं

खरं सांगतो, मी पहिल्यापासून भेकड आहे. विमान सुटलं तवा पट्टा लावला, तो उतरल्यावर बाजूच्या बाईनं सांगतलं तवा सोडला.

बादल हासून हासून लाल. "लेका पज्या, फिराले चालला का आपरेशनले?"

बादल राठोड. शाळेतला दोस्त. आसेगावच्या शाळेत आमी एकाच बाकावर बसायचो, त्याचा तांडा गावापासून दीड कोसावर. मी प्रज्वल, मालेगावात लग्नाचे फोटो अन् व्हिडिओ काढतो. कोणी शिकवलं नाही, मोबाईलवर पाहून पाहून शिकलो. बादलच्या नऊ म्हशी. पहाटे चारले उठते, धारा काढते, दूध वाटते. आठ वर्षांत एक सुट्टी नाही. म्हशीले रविवार नसते.

तीन वर्षं आमी ठरवून राह्यलो होतो की एकदा लांब जायचं. मी गोवा म्हटलं. तो म्हणे, "गोव्यात काय, पानीच पाहाचं? मले जनावरं पाहाचे हायेत." मग टांझानिया ठरलं. नागपुरले जाऊन पिवळ्या तापाची लस टोचून घेतली. बादलची माय, धनीबाई, तांड्यात सगळ्यायले सांगे, "पोरगा वाघ पाहाले चालला."

"माय, तिथी वाघ नसते, सिंह असते."

"एकच त हाय. खाते त दोघंबी."

निघायच्या दिवशी बादलच्या बायकोनं, रंजीता वहिनीनं, मले बाजूले घेतलं. तिले सातवा महिना. म्हणे, "भाऊजी, हे मानूस जनावर दिसलं की येडं होते. मानसाचं आयकत नाही. तुमी भेकड आहात म्हनून मले बरं वाटते. त्याले आवरा."

मी हाव म्हटलं. सहज म्हटलं.

तिसऱ्या दिवशी जंगलाच्या काठावरल्या तंबूत पोचलो. जुमा नावाचा माणूस आमचा ड्रायव्हर, गाईड पण तोच. पन्नाशीतला, उंच, हळू बोलणारा. त्याची इंग्रजी तुटकी, माही त्याहून तुटकी, म्हणून जमलं. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यानं चुना लावलेले गोटे दाखवले. तंबूच्या चारी बाजूनं ओळ होती. म्हणे, याच्या पलीकडं पायी जायचं नाही. भर दिवसाही नाही.

मी इचारलं, "सिंह?"

तो म्हणे, सिंहाचं मले तेवढं भेव नाही. एकटा म्हातारा म्हशीचा नर असते, कळपानं टाकून देलेला, त्याचं भेव आहे. तो अगोदर सांगत नाही.

मी बादलले मराठीत सांगतलं. बादल फिस्सकन हासला. "हल्याले भेते? एवढा मोठा मानूस हल्याले भेते? आमच्या तांड्यात लेकरं हल्याच्या पाठीवर बसून नदीवर जातेत."

हे मी जुमाले इंग्रजीत सांगतलं नाही. सांगायले पाहिजे होतं. त्यानं तवाच बादलले दोन गोष्टी सुनावल्या असत्या.

मी रातभर जागाच होतो. बादल पण. त्याचं कारण वेगळं. आपले पहाटेचे चार म्हणजे तिथले दीड. त्याचं शरीर दीडलेच उठून बसलं. धार नाही, शेण नाही, सरकीची ढेप भिजवायची नाही. नुसता हात चोळत बसला.

सव्वासहाले त्यानं माहा पाय हालवला. "पज्या, ऊठ. हल्या आला."

बाहेर चांगला उजेड झाला होता. गोट्यांच्या ओळीपलीकडं तीसेक पावलांवर लोखंडी घोडीवर पाण्याची टाकी होती, वर चढायले शिडी. टाकी भरून वाहे, ते पाणी एका नालीतून खाली जाये. नालीच्या खालच्या टोकाले तो उभा होता. एकटा. चिखलानं माखलेला. शिंगं अशी, की कपाळावर दगडाची पाटी बसवली अन् तिचे टोकं वर वाकवले. पाठीवर दोन पाखरं बसले होते.

मी तंबूचा पडदा धरला. "बादल, आत चाल."

"थांब बे. खांदा पाह्य त्याचा."

खांद्यावर हातभर लांब जखम होती. जुनी. पाखरं तिच्यातच टोचत होते.

बादलचा चेहरा बदलला. मी त्याले ओळखतो. त्याच्या म्हशीले काटा टोचला तरी तो जेवत नाही. "अळ्या पडल्या असतीन त्याच्यात," तो म्हणे. "म्हनून हे पाखरं मांगं लागले. आपल्याकडं सीताफळाचा पाला वाटून भरला असता, तीन दिवसांत साफ."

"जुमा काय म्हणे काल?"

"अबे, जंगली हल्या मानसाच्या टाकीवर येऊन असा गप पानी पेते का? इथल्या लोकायनं लावलेली सवय हाय ही. नुसतं पाहून येतो."

तो गोट्यांच्या ओळीवरून पलीकडं गेला.

आता जे लिहितो ते लिहायले हात जड होते. मी त्याले मांगं ओढायले पाहिजे होतं. मी मोबाईल काढला, व्हिडिओ सुरू केला. सवय आहे ती. समोर काही चांगलं दिसलं की हात खिशात जाते. मी पण ओळ ओलांडली, टाकीच्या घोडीपाशी जाऊन उभा राह्यलो. स्क्रीनवर पाह्यलं त बादल, हल्या, मागं पिवळं गवत, ऊन नुकतंच वर आलेलं. असा शॉट मी जिंदगीत घेतला नव्हता. स्क्रीनमध्ये पाह्यलं की भेव कमी वाटते, हे मले तवा कळलं. लहान दिसते ना सगळं.

मी म्हटलं, "आजून थोडा जवय जाय."

तो गेला. जिभेनं टक् टक् असा आवाज काढत होता, धारेच्या वेळी काढते तसा.

मी म्हटलं, "आजून दोन पावलं. दोघं एका फ्रेमात येत नाहीत."

तो गेला.

हल्यानं पाणी पेणं थांबवलं. डोकं वर केलं. नाक एकदम वर, अन् नाकावरून खाली बादलकडं पाह्यलं.

बादल मागं न पाहता हळूच म्हणे, "पाह्य, नाक वर केलं. हुंगून राह्यला, ओयख काढून राह्यला. माराचं असलं त डोकं खाली घातलं असतं."

आपल्या म्हशीचं तसंच असते. मारकी म्हैस आधी डोकं खाली घालते, हे आमच्याकडं पाच वर्षांचं लेकरू सांगते. बादलले म्हशीचं जे जे ठाव होतं ते सगळं खरं होतं. पण ते आपल्या म्हशीचं.

हल्या तसाच, नाक वर ठेवून, धावला.

आवाजच नाही केला त्यानं. डरकला नाही, खूर आपटले नाही. एवढं मोठं धूड, अन् आधी नुसता गवताचा आवाज. डोकं त्यानं खाली घातलं ते अगदी शेवटी, बादलपासून दोन हातांवर.

बादल बाजूले उडी मारून नालीत पडला. शिंग त्याच्या मांडीतून गेलं. कापड फाटल्यावानी आवाज आला. मले वाटलं पँट फाटली.

मी कवा चढलो मले ठाव नाही. मी टाकीच्या शिडीवर होतो. मोबाईल खाली पडला होता.

नाली गुडघ्याएवढी खोल. बादल तिच्यात पालथा. हल्या वर उभा राहून शिंग घालून पाहे, पण ते वाकडे शिंगं नालीत मावत नव्हते. तो कपाळानं दाबे. परत मांगं सरके. परत दाबे. त्याच्या नाकातून पाणी गळे ते बादलच्या पाठीवर पडे.

मग तो थांबला. नुसता उभा राह्यला. कान हालवत.

नालीतून आवाज आला. "पज्या."

मी गप.

"पज्या, हाय का बे?"

हल्याचा एक कान माह्याकडं वळला. मी शिडीले असा चिकटलो की पत्र्याची कड गालात रुतली. तोंडात जीभ होती, आवाज नव्हता. नाही, खोटं कायले सांगू. आवाज होता. गळ्यापर्यंत आला होता. मी तो गिळला. मी बोललो त तो माह्याकडं येईन, एवढंच डोक्यात होतं. शिडी लोखंडाची, मी वर, तो काय शिडी चढणार होता का? पण तवा तसं वाटत नाही. तवा वाटते की तो उडून येईन.

"पज्या, बोल ना बे काही."

मी नाही बोललो.

मोबाईल खाली पडला तरी चालू होता. पडल्यानंतर त्याच्यात नुसतं आभाळ आहे अन् आवाज. मी नंतर पाह्यलं, सहा मिनिटं चाळीस सेकंद. बादलनं मले देलेला आवाज तीन वेळा आहे. माहा त्या दोन वाक्यांच्या नंतर एकदाही नाही.

जुमानं सैपाकघराच्या मागून पाह्यलं असंल. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग हॉर्न. त्यानं हॉर्न दाबून धरला अन् गाडी सरळ गोट्यांवरून आणली, हल्या अन् नालीच्या मधात घातली. हल्यानं गाडीच्या दाराले एक धडक देली. दार आत गेलं. मग तो वळला अन् चालत, धावत नाही, चालत झुडपात गेला.

मी उतरलो. शेवटची पायरी चुकली, पडलोच.

बादलची मांडी उघडी पडली होती. नालीतलं पाणी लाल. जुमानं आपला शर्ट काढून कचकन बांधला, मले म्हणे, दोन्ही हातानं दाब, सोडू नको. दवाखाना अडीच तासांवर, अरुषा शहरात. मी गाडीत खाली बसून दाबून धरलं. माह्या बोटांमधून गरम गरम येत होतं.

बादल बोलत होता, पहिले म्हशीचंच. "बापानं भोरीले ढेप टाकली असंल का? ते त्याले दूध देत नाही. लाथ मारते."

"टाकली असंल."

"रंजीताले वाकू देऊ नको म्हनून सांग फोनवर."

"सांगतो."

तो बोलत होता तवर मले धीर होता. एका पुलापाशी तो गप झाला. डोळे अर्धे उघडे. मी "बादल, बादल" करून एवढा वरडलो की जुमानं गाडी हालवली. आता निघाला आवाज. आता काय कामाचा.

त्यानं डोळे उघडले. "कायले बोंबलतं बे? आयकू येते."

दवाखान्यात तीन तास लागले. मी बाहेर बाकावर. तिथी सगळे माह्याकडं पाहत, कारण माह्या कपड्यावर त्याचं रक्त होतं. मी मनात धनीबाईले काय सांगायचं ते जुळवून पाहत होतो. 'काकू' च्या पुढं काही येतच नव्हतं.

डॉक्टरीण बाहेर आली. हाड शाबूत, मोठी नस वाचली, रक्त चढवलं. पाय राहीन. दोन दिवस ताप येते का ते पाहावं लागीन. ताप चढला त अवघड आहे.

दुपारी वहिनीचा व्हिडिओ कॉल आला. बादल पडल्या पडल्या मले म्हणे, "नालीत पडलो म्हन. खोटं थोडीच हाय? नालीतच त पडलो. पाय दाखवू नको. सातवा महिना हाय तिचा."

मी त्याच्या चेहऱ्यासमोर मोबाईल धरला. तो हासला. "नालीत पडलो वं. मुरगळला जरासा."

वहिनी हासली नाही. "भाऊजी, मोबाईल तुमी धरला का?"

"हाव वहिनी."

"तुमचं बोट येऊन राह्यलं मधात. नखात काय हाय ते?"

मी हात तीनदा धुतला होता. नखातलं निघत नाही.

बादल डोळे वटारून मान हालवत होता, नको म्हणून. मी मोबाईल माह्याकडं फिरवला अन् सांगतलं. सगळं. हल्या, नाक, नाली, मांडी. डॉक्टरीण काय म्हणे ते. तिनं मधात एकदाही थांबवलं नाही.

मग म्हणे, "तो आपल्या मनानं गेला जवय?"

इथी सुटता येत होतं. बादलनं पण माह्याकडं पाह्यलं. तो काही बोलला नसता.

"पहिले आपल्या मनानं," मी म्हटलं. "मंग मी म्हटलं जवय जाय. दोन खेप म्हटलं. व्हिडिओसाठी."

"अन् मंग?"

"त्यानं मले आवाज देल्ला. तीन खेप. मी बोललो नाही."

"काहून?"

"माह्याकडं येईन म्हणून."

तिकडं कोणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला. वहिनीचा चेहरा हालला नाही. म्हणे, "मी तुमाले भेकड म्हनून धाडलं होतं, भाऊजी. त्याले मांगं ओढान म्हनून."

मी मोकळ्या हाताची नखं मुठीत झाकली.

"त्याले द्या मोबाईल."

ते दोघं त्यायच्या बोलीत बोलले. मले तेवढी समजत नाही. माहं नाव दोनदा आलं. बादल आधी हासून बोलला, मग गप आयकत राह्यला, मग त्यानं डोळे पुसले. फोन ठेवला.

"काय म्हणे?"

"म्हने, ताप पाहात बस म्हना त्याले. डोया लावू नको म्हना."

"अन्?"

"अन् घरी आल्यावर समोर बसून हेच परत सांगाचं. मायपुढं, बापापुढं." त्यानं मान भिताडाकडं वळवली. "म्या सांगतलं तिले, भेव सगळ्यायलेच वाटते. रंजीता म्हने, ते त्याले ठाव हाय, मले सांगू नको."

मग तो तसाच, माह्याकडं न पाहता म्हणे, "मी काय मांगलं होतं बे तुले? नुसतं 'हाव' म्हनला असता तरी झालं असतं."

मी उठलो. खुर्ची पलंगाजवळ ओढली. त्याच्या कपाळावर हात ठेवला. जरासं गरम वाटलं. माहाच हात गरम असंल म्हणून दुसरा ठेवला. तोही तसाच. मी नर्सले आवाज देला. आली नाही. परत देला, पुरा व्हरांडा आयकंन एवढ्या मोठ्यानं.